डबल वायसर

नागपुरात प्रत्येक घरात एक मेकॅनिक झोपलेला असतो आणि होळी झाली की तो जागा होतो. गच्चीवरून कूलर खाली येतो, खस बदलते, पंप उघडला जातो, टाकी गळत असेल तर डांबर फासलं जातं. बँकेतले काका असोत की शाळेतले सर, त्या दिवसांत सगळ्यांच्या हातात पाना असतो. आणि त्या थोड्याशा कर्तबगारीच्या जोरावर हे लोक वर्षभर जगातल्या प्रत्येक गळतीवर मत देत फिरतात. माझं काम पेंटबॉलच्या मार्करमधली हवेची गळती शोधण्याचं. म्हणजे माझ्या कामावर मत नसलेला माणूस या शहरात मला अजून भेटायचा आहे.

आधी काम काय ते सांगते. नातेवाइकांना सांगून थकले, तुम्ही तरी शेवटपर्यंत ऐका. हुडकेश्वरच्या पुढे, उमरेड रोडला लागून, गजुभाऊंचं पेंटबॉलचं मैदान आहे. जुने टायर, ड्रम आणि लाकडी खोकी यांच्या आडोशाने दोन टोळ्या एकमेकींवर रंगाच्या गोळ्या झाडतात. ज्यातून झाडतात त्याला मार्कर म्हणायचं. लोक गन म्हणतात, म्हणोत. त्यात दारूगोळा काही नसतो, फक्त दाबून भरलेली हवा असते. मागे पाण्याच्या बाटलीएवढी एक टाकी, ती खेळणाऱ्याच्या खांद्याला टेकते, गालापासून वीतभर लांब. पुढे नळी. मध्ये एक व्हॉल्व्ह, ट्रिगर ओढला की क्षणभर उघडणारा आणि लगेच मिटणारा. सगळ्या सांध्यांत हवा अडवून धरायला रबराच्या रिंगा, बाहुलीच्या बांगड्यांएवढ्या. रिंग सुकली, चिरली, तिच्यावर रंगाचा कण बसला, की फुस्स. ते फुस्स कुठून येतं हे शोधणं हा माझा धंदा.

त्याआधी मी पत्रकं लिहायची. आमचा एक छोटा गट होता, शेगडीची नळी वेळेवर बदला, बंद मोरीत गीझर लावू नका, असल्या गोष्टी बाजाराच्या दिवशी उभं राहून वाटायचो. लोक पत्रक घ्यायचे आणि पुढच्या गाडीवर त्याच्यावरच भजी ठेवून खायचे. गट विखुरला, मी मैदानावर आले, पण हाताची सवय गेली नाही. मैदानावरचे सगळे फलक माझ्या अक्षरातले आहेत. एकही कोणी वाचत नाही, तो भाग वेगळा.

या कामातली मुख्य गोष्ट कूलरवाल्यांच्या डोक्यात शिरत नाही. पाणी गळलं की ओल दिसते आणि ओलीमागे गेलं की भोक सापडतं. हवा दिसत नाही, आणि ती बिघाडाच्या जागेवरून बाहेर पडेलच असं नाही. नळीच्या तोंडातून हवा येते तेव्हा नळी बिचारी ठीक असते, आत व्हॉल्व्हची गादी गेलेली असते. टाकी जिथे जोडतो तिथे फुसफुसलं तर टाकीच्या तोंडाची रिंग बघायची. म्हणून आधी गोळ्यांचा डबा उतरवायचा, डोळ्यांवर चष्मा चढवायचा, ऐकायचं, साबणाचं पाणी मारायचं, फुगे कुठे येतात ते बघायचं. मग टाकी काढून मार्करमधली उरलेली हवाही सोडून द्यायची आणि त्यानंतरच पाना उचलायचा. आणि एका वेळी एकच रिंग बदलायची. सगळ्या बदलल्या आणि आवाज थांबला, तर काम झालं पण कळलं काहीच नाही.

आता गिऱ्हाइकं. बुटीबोरीच्या एका कापड गिरणीतली माणसं कंपनीच्या खर्चाने खेळायला येतात. त्यांच्यातले एक साहेब मार्कर घेऊन माझ्या टेबलाशी आले, नळीतून सूं सूं चाललेलं.

"मॅडम, ही गन बेकार आहे. दुसरी द्या."

"किती वेळ झाला वाजून राहिली?"

"टाकी लावली तेव्हापासून. घटिया माल ठेवता आणि कंपनीकडून पुरे पैसे घेता."

मी टाकी उतरवली, मागचा खटका ओढला, टाकी परत लावली. आवाज बंद. खटका ओढलेला नसेल तर आतली स्प्रिंग व्हॉल्व्हला दाबून बसते आणि हवा सरळ नळीतून निघून जाते. यात बिघाड कसलाच नाही, क्रम चुकला एवढंच.

"काय केलं तुम्ही?"

"आधी खटका, मग टाकी. फलकावर लिहिलंय."

"मग हे आधी सांगायला पाहिजे होतं ना."

फलक त्यांच्या डोक्यावरच होता. त्याच्या खिळ्याला त्यांनी स्वतःची टोपी अडकवली होती.

दुसरा एक पोट्टा, रोहित. स्वतःचा सेकंडहँड मार्कर घेऊन मोठ्या तोऱ्यात यायचा. डिसेंबरातल्या एका सकाळी तो मार्कर टेबलावर आदळून म्हणाला, "ताई, हा जाम झाला, आणि लीकपण होऊन राहिला. दोन्ही एकाच वेळी कसं होते?" मी उघडला. आत खोबरेल तेल. नागपूरच्या थंडीत बाटलीत थिजतं तसंच आतही थिजून पांढरं बसलेलं, आणि त्या लोण्यात रिंग तिरपी होऊन अडकलेली.

"हे काहून टाकलं रे?"

"आई म्हणे, खोबरेल सगळ्याले चालते."

"केसांना चालते. याला याचं ठरलेलं सिलिकॉनचं ग्रीस लागतं. फलक वाच."

त्याने खरोखर फलकाकडे पाहिलं, मला वाटलं आज इतिहास घडतोय. मग म्हणाला, "मग तिळाचं टाकू का? ते नाही थिजत."

असं चालतं. मी चिडते, लोक हसतात, रिंग बदलते, खेळ सुरू होतो. आवाज करणाऱ्या गळतीचं तेवढं एक बरं असतं, ती निदान तक्रार तरी करते. मला खरा घाम फोडला तो एका न वाजणाऱ्या टाकीने.

टाकीच्या मानेवर एक छोटा पितळी नट असतो. त्याच्या आत तांब्याची एक चकती, पापडाहून पातळ. टाकीतला दाब मर्यादेबाहेर गेला की टाकी फुटायच्या आत ती चकती फाटते आणि हवा निघून जाते. कुकरच्या झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह जे करतो तेच. या उन्हाळ्यात भर मे महिन्यात कोणीतरी भरलेल्या टाक्या टिनाच्या शेडबाहेर उन्हात ठेवल्या. "टाकी सावलीत ठेवा" हा फलक, अर्थातच, सावलीत होता. दोन टाक्यांच्या चकत्या उडाल्या. कोणाला काही झालं नाही, कारण चकत्यांनी आपलं काम केलं. नव्या मी कुरिअरने मागवल्या आणि अधिक महिना लागायच्या आधीच्या शेवटच्या मुहूर्तावर मावसबहिणीचं लग्न होतं, त्यासाठी उमरेडला गेले.

आठवड्याने परत आले तर त्या दोन्ही टाक्या भरून रॅकवर.

"कोणी भरल्या या?"

"भरल्या काय म्हणतं, ठीक केल्या," गजुभाऊ म्हणाले. ते खुशीत होते. "तुले कुरिअरची वाट पाहा लागते. जवाईबापूनं एका दुपारात काम केलं. येते का आवाज? लाव बरं कान."

मी कान लावला. काहीच नाही. टाकी कशी शहाण्यासारखी गप्प.

जवाईबापू म्हणजे गजुभाऊंचे जावई, प्रशांत. काटोलला त्यांचं कूलर-मोटारी दुरुस्तीचं दुकान आहे. मैदानाच्या कडेलाच गजुभाऊंचं घर, आणि जवाईबापू तिथे अंगणात खाटेवर बसून आमरस पीत होते. यंदा धोंड्याचा महिना ऐन उन्हाळ्यात आला. या महिन्यात जावयाला बोलावून वाण देतात, दिवा लावून तेहतीस अनारसे देतात, आणि त्याला कशालाही नाही म्हणत नाहीत. काकू, म्हणजे गजुभाऊंच्या पत्नी, सकाळपासून अनारशांच्या पिठाशी झुंजत होत्या.

"काय टाकलं त्यात?" मी विचारलं.

"वायसर डबल टाकलं," जवाईबापू म्हणाले. "तुमचं ते पन्नीसारखं होतं ताई. मी तांब्याचा पत्रा कापला, दोन चकत्या मारल्या एकावर एक. आता हत्ती उभा करा, लीक नाही होणार."

"ते वायसर नाही. त्याचं कामच फुटायचं आहे."

"फुटायचं वायसर कोण बनवते?" ते गजुभाऊंकडे पाहून हसले. गजुभाऊही हसले, हसणं भागच होतं.

"काकूंच्या कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो, म्हणून तिथे नाणं ठोकून द्याल का तुम्ही?"

"कुकर वेगळा."

"माह्या कुकरले कोणी हात नोका लावू," काकू आतून म्हणाल्या.

गजुभाऊंनी मला ड्रमांच्या मागे नेलं. "काहून वं असं बोलतं? धोंड्याचा महिना आहे. जवायाची चूक काढते का कोणी?"

"भाऊ, ती टाकी माणसाच्या गालाशी असते."

"अन् माही पोरगी त्यायच्या घरी असते. मी इथं एक शब्द बोललो का तिकडं तिले दहा ऐका लागतात. तुले नाही ऐका लागत."

यावर माझ्याकडे पत्रक नव्हतं. खरं सांगायचं तर आजही नाही. पण मुलीच्या सासरचं तोंड सांभाळायला गिरणीतल्या कामगाराचा गाल का वापरायचा, हे मला कोणी समजावून सांगावं.

मी टाक्या बाजूला ठेवल्या, "लावू नये" अशी चिठ्ठी चिकटवली. संध्याकाळी बुटीबोरीची बॅच आली. मी मास्क वाटत होते, तेवढ्यात जवाईबापूंनी मदत म्हणून चिठ्ठ्या सोलून टाक्या देऊन टाकल्या. वळून पाहते तो एक तरुण कामगार टाकी खांद्याला लावून मित्राला फोटो काढायला सांगतोय, मास्क वर कपाळावर, गाल टाकीला चिकटलेला, आणि हसतोय.

मी त्याच्या हातून मार्कर ओढून घेतला. दुसराही घेतला. शेडच्या पलीकडे नेऊन, तोंड मातीकडे करून दोन्ही टाक्या रिकाम्या केल्या. भरलेली टाकी अशी सोडायला वेळ लागतो आणि कानठळ्या बसतात. सगळं मैदान बघत होतं. काकू अनारशांचं ताट घेऊन दारात थांबल्या होत्या. माती उडून माझ्या तोंडात गेली, ती थुंकून मी जवाईबापूंना म्हणाले, "जे फुटण्यासाठी बनवलंय ते फुटू द्यायचं."

जवाईबापू उठले, चपला घातल्या. "मामाजी, माहं काम पटत नसन तर तसं सांगायचं होतं."

"बसा हो, बसा," गजुभाऊ दोन्ही हात पसरून त्यांच्यासमोर उभे राहिले. "पोट्टी आहे ती, तिच्या कायले तोंडी लागता. पत्रकंवाली आहे, तिले सगळीकडं स्फोटच दिसते."

जवाईबापू बसले. दिवा लागला, वाण झालं, अनारसे वाढले गेले. मी रिकाम्या टाक्या कपाटात कोंडून किल्ली कमरेला लावली आणि घरी गेले.

सकाळी गजुभाऊ स्वतःच शेडमध्ये आले. "उघड," म्हणाले. मी नट उघडला. आतून दोन चकत्या निघाल्या, एकमेकींत बसलेल्या, दोन्ही पुरीसारख्या टम्म फुगलेल्या. दाब केव्हाचा हद्दीबाहेर जाऊन आला होता. खरी चकती असती तर ती फाटली असती. या नुसत्या फुगून थांबल्या होत्या, आणि पुढचा नंबर टाकीचा होता.

गजुभाऊंनी एक चकती बोटावर धरली. अंगठ्याने तिचा फुगवटा दाबून पाहिला. आत जवाईबापूंचा आवाज येत होता, काकू त्यांना आणखी एक घ्या म्हणत होत्या.

"महिना संपू दे," गजुभाऊ म्हणाले. "मग मीच सांगतो त्यायले."

"बाकीच्या टाक्या पण उघडून पाहते."

"ज्या कधी वाजल्याच नाही त्याले हात नको लावू. दोनच केल्या त्यायनं, माह्यासमोर. धंद्याचे दिवस आहेत."

नव्या चकत्या आल्या, मी त्या दोन टाक्यांना बसवल्या. महिना संपला. गजुभाऊंनी सांगितलं का? मी विचारलं की ते कंप्रेसरचं तेल तपासायला जायचे. इतकं तपासलेलं तेल मी दुसऱ्या कोणत्या कंप्रेसरमध्ये पाहिलेलं नाही.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी मी स्वतःच काटोलची बस धरली. पर्समध्ये त्या दोन फुगलेल्या चकत्या आणि माझं ताजं पत्रक, सेफ्टी व्हॉल्व्हला हात लावू नका म्हणणारं. जून निम्मा सरला होता, ऊन मात्र मे महिन्यातलंच. जवाईबापू एका मोटारीचं वाइंडिंग करत होते. मला पाहून त्यांचा चेहरा उतरला, पण गावची रीत मोठी, स्टूल पुढे केलं.

"बसा ताई. आता कायचा स्फोट झाला?"

मी पत्रक दिलं. त्यांनी ते मोठ्याने वाचलं, माझ्या सगळ्या पत्रकांच्या नशिबी असा वाचक कधी आला नव्हता. "बरोबर लिहिलं," ते म्हणाले. "असे बेअक्कल लोक असतात ताई. कुकरचा व्हॉल्व्ह बंद करतात. मी रोज पाहतो." आणि उठून त्यांनी ते दुकानाच्या भिंतीवर चिकटपट्टीने लावलं, गिऱ्हाइकाला दिसेल असं.

मी चकत्या काउंटरवर ठेवल्या.

त्यांनी एक उचलली. कडेवरून नख फिरवलं. कात्रीने कापलेली कड, आठ कोन पडलेले. आपल्या हातची कड माणसाला ओळखू येते.

"ही माही आहे."

"हो."

"फुगली."

"हो. फुटायला पाहिजे होती."

ते मोटारीकडे पाहत राहिले. मग भिंतीवरच्या पत्रकाकडे. "मामाजींनी पाहिली?"

"दुसऱ्याच दिवशी सकाळी. तुम्ही आत जेवत होता."

"म्हणजे मले अनारसे वाढून राहिले होते तेव्हा त्यायले माहीत होतं?" त्यांचा आवाज चढला, पण माझ्यावर नाही. "अन् वरतून आणखी एक घ्या, आणखी एक घ्या. सांगायचं होतं ना मले. मी का साप आहो, चावलो असतो? काहून नाही सांगतलं?"

मी म्हटलं, महिना तसा होता.

"महिना गेला खड्ड्यात," जवाईबापू म्हणाले. आणि मग त्यांनी विचारलं, "बरं, बाकीच्या दोन बदलल्या ना?"

"कोणत्या दोन?"

"मी चार केल्या ताई. दोन उडालेल्या मामाजींसमोर. मग ते झोपले दुपारी. मी म्हटलं पत्रा उरला आहे, ज्या चांगल्या आहेत त्यायलेही डबल मारून टाकू, पुढं त्रास नको."

ज्या कधी वाजल्याच नाहीत त्या. इतके आठवडे त्या दोन टाक्या माझ्याच टेबलावरून गेल्या होत्या. मीच त्या दिल्या होत्या, साबणाचं पाणी मारून, एकही फुगा नाही म्हणून खूश होऊन.

मी गजुभाऊंना फोन लावला. मागे आरडाओरडा ऐकू येत होता, कॉलेजच्या पोरांची बॅच चालू होती.

"भाऊ, खेळ थांबवा. आणखी दोन टाक्यांना डबल चकत्या आहेत."

"कोण म्हणते?"

"मी काटोलहून बोलतेय."

"आता गेम रंगात आहे वं. हा राऊंड होऊ दे, मग पाहतो. तुले सगळीकडं..."

"राऊंड होऊ द्यायचा नाही, भाऊ."

"पैसे दिले त्यायनं. असा मधातच कसा..."

जवाईबापूंनी माझ्या हातून फोन काढून घेतला. "मामाजी, मी प्रशांत. शिटी मारा. आत्ताच्या आत्ता. सगळ्या टाक्या सावलीत न्या, मार्करची तोंडं मातीकडं करा अन् हवा सोडा."

 मग शिटी वाजली, लांब, दोनदा. पोरांचा गोंधळ थांबला आणि गजुभाऊ कोणाला तरी ओरडून सांगताना ऐकू आले, "ठेवा, खाली ठेवा सगळं. जवाईबापू म्हणून राहिले." त्यानंतर पहिली टाकी सुटली, मग दुसरी, आणि फोनमधून नुसती फुसफुस यायला लागली. जवाईबापूंनी फोन आमच्या दोघांच्या मध्ये काउंटरवर ठेवला.

मी तेच सांगत होते. त्याच शब्दांत, त्याच माणसाला, मे महिन्यापासून. पण ती फुसफुस शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय मी बोलले नाही, आणि ऐकून झाल्यावर बोलायचं राहून गेलं. जवाईबापूंनी ड्रॉवरमधून तांब्याचा उरलेला पत्रा काढला, कात्रीने त्याचे उभे-आडवे तुकडे केले, चकतीएवढाही तुकडा शिल्लक राहणार नाही इतके बारीक, आणि चहा सांगायला दुकानातल्या पोट्ट्याला हाक मारली.